रोबो, गडी आणि पुस्तकांतून पळून आलेले इंग्रजी शब्द

फाटकी_छत्री (धागालेखक)

दिवाळीच्या आधी घरात फरशी पुसणारा रोबो आणला. परातीएवढा, गोल, भिंतीला धडकला की क्षणभर थांबून वळणारा. आईच्या तोंडी त्याचं नाव काही केल्या बसेना. दोन दिवसांनी तिने सरळ त्याला 'गडी' म्हणायला सुरुवात केली. "अरे, गड्याला सांग, पलंगाखालचं राहिलंय." आम्ही सगळे हसलो. रात्री सहज त्या शब्दाच्या मागे लागलो, आणि सकाळी आईची माफी मागावी की काय असं वाटायला लागलं. आमच्या घरात त्या शब्दाचा खरा अर्थ फक्त तिलाच लागला होता.

हा शब्द कुठल्या प्रयोगशाळेत जन्मलेला नाही, नाटकात जन्मलाय. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिलं आणि जानेवारी १९२१ मध्ये ते प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात लागलं. शीर्षकातला पहिला 'आर' म्हणजे रोसुम, कारखान्याच्या संस्थापकाचं आडनाव. चेकमध्ये 'रोझुम' म्हणजे बुद्धी, त्यामुळे मराठीत कंपनीची पाटी 'बुद्धेसाहेब आणि मंडळी' अशी काहीशी लागली असती. या कारखान्यात राबायला माणसं बनवतात, जगभर विकतात आणि शेवटी ती मालकांवर उलटतात.

आता त्यांना म्हणायचं काय? चापेकने १९३३ साली वर्तमानपत्रात ही गोष्ट स्वतः सांगितली, कारण इंग्रजी शब्दकोशाच्या नोंदीवरून शब्दाचं श्रेय त्याच्या पदरात पडत होतं आणि ते त्याला नको होतं. त्याचा थोरला भाऊ योसेफ चित्रकार. तो कॅनव्हाससमोर उभा, तोंडात ब्रश. कारेल म्हणाला, "मी त्यांना लाबोरी म्हणणार होतो, पण फार पुस्तकी वाटतंय." योसेफ तोंडातला ब्रश न काढताच पुटपुटला, "मग रोबोट म्हण," आणि परत रंगवायला लागला. बारसं आटोपलं.

चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळांनी आठवड्यातले ठरलेले दिवस फुकट राबायचं, ती वेठ. बोहेमियात, म्हणजे चेक मुलखात, ती १८४८ साली कायमची रद्द झाली. म्हणजे नाटक पाहायला आलेल्या कित्येकांच्या आज्या-पणज्यांनी ती भोगलेली. पहिल्या प्रयोगाला बसलेल्या माणसाच्या कानावर 'रोबोट' पडला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे लोखंड आलं नसणार, शेतात वाकलेली पाठ आली असणार. शिवाय नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीतच. एका रासायनिक लगद्यापासून घडवलेले, हाडामांसाचे, दिसायला तुमच्याआमच्यासारखे. शेवटी त्यांतले दोघं प्रेमातसुद्धा पडतात. आपण मात्र 'यंत्रमानव' करून मोकळे झालो. वेठ गेली आणि नसलेलं यंत्र आलं.

अजून एक गंमत. भाषाशास्त्रज्ञ 'रोबोटा'चं मूळ ज्या आदिम धातूपर्यंत नेतात, त्याच धातूकडे ते जर्मनमधला कामासाठीचा 'आर्बाइट', अनाथासाठीचा ग्रीक 'ऑर्फानोस' आणि संस्कृतमधला 'अर्भ' हे शब्दही नेतात. अर्भ, म्हणजे आपलं अर्भक. पोरकं, लहान, दुसऱ्याच्या ताब्यात असलेलं. तर आमच्या पलंगाखाली फिरणारा तो आणि पाळण्यातलं तान्हं हे लांबचे का होईना, चुलतभाऊ.

एवढं सगळं वाचून झाल्यावर योसेफचं पुढे काय झालं ते शोधलं. नाझींनी त्याला पकडलं आणि १९४५ च्या वसंतात बेर्गेन-बेल्सनच्या छळछावणीत तो गेला. कारेल १९३८ च्या नाताळातच वारला होता.

तर धाग्याचा विषय: असे रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द सांगा जे कुठल्यातरी कथा-कविता-नाटकातून बाहेर पडलेत. 'हे ग्रीक, ते लॅटिन' अशी नुसती व्युत्पत्ती नको. कोणी लिहिला, कुठे लिहिला, आणि मुख्य म्हणजे तिथे त्याचा अर्थ काय होता. मला संशय असा आहे की पुस्तकातून पळालेला प्रत्येक शब्द निघताना मूळ अर्थ घरीच विसरून आलेला असतो. मला खोटं पाडा.

भोंडला

धागा मस्त. आईंना नमस्कार सांगा.

माझ्याकडून 'फ्रीलान्स'. नवरा गेली सहा वर्षं फ्रीलान्स काम करतो आणि सासरी अजून 'नोकरी कधी लागणार' असं विचारतात. हा शब्द रुळवला वॉल्टर स्कॉटने, १८१९ च्या शेवटी आलेल्या 'आयव्हॅनहो'त. त्यात एक सरदार बढाई मारतो की मी माझे 'फ्री लान्सेस' राजाच्या सेवेला देऊ केले होते. लान्स म्हणजे भाला. फ्री लान्स म्हणजे कुठल्याही धन्याला न बांधलेला, पैसे देईल त्याच्या बाजूने लढणारा भालाईत. इथला फ्री म्हणजे मोकळा, फुकट नव्हे. हे आमच्याकडच्या काही क्लायंटांना सांगायची फार इच्छा आहे.

आपल्याकडे याला तयार शब्द आहे, कोणी वापरत नाही एवढंच. शिलेदार! स्वतःचं घोडं, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. ज्याला घोडं सरकारातून मिळतं तो बारगीर. स्वतःचा लॅपटॉप असलेला माझा नवरा शिलेदार आणि कंपनीचा लॅपटॉप मिरवणारे दीर बारगीर. आता सासरी असंच सांगणार आहे.

रिकामा_तांब्या

शिलेदार-बारगीर जबरदस्त! +१

पण मंडळी, एवढं कशाला शोधताय? शेक्सपिअर हे एकच उत्तर आहे. एकट्या माणसाने १७०० शब्द इंग्रजीला दिलेत. फॉरवर्ड आला होता, यादीसकट.

पानगळ_७२

रिकामा_तांब्या, तो फॉरवर्ड मलाही दर तीन महिन्यांनी येतो. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली दहा मीही हाच आकडा वर्गात ठोकून सांगायचे. प्रायश्चित्त म्हणून सविस्तर लिहिते.

हा आकडा येतो कुठून? ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशातून. लंडनच्या भाषाशास्त्र मंडळाने १८५७ मध्ये त्याचा विचार सुरू केला, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं. पद्धत अशी की हजारो स्वयंसेवक वाचकांनी जुनी पुस्तकं वाचायची, शब्द दिसला की चिठ्ठीवर वाक्य, पुस्तक, साल लिहून संपादकांकडे धाडायचं. संपादक जेम्स मरे यांनी अंगणात पत्र्याची खोली बांधून तीत या चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या. (त्यांचा एक अतिशय मेहनती चिठ्ठीलेखक वेड्यांच्या तुरुंगात खुनाच्या प्रकरणात बंद होता. डॉ. मायनर. त्याच्यावर वेगळा धागा होईल.)

आता तुम्ही त्या काळातले स्वयंसेवक आहात असं समजा. तुमच्या घरात कोणतं जुनं पुस्तक असणार? बायबल आणि शेक्सपिअर. त्याच्या नाटकांच्या शब्दसूच्याही तयार होत्या. एखाद्या आडगावच्या धर्मोपदेशकाने १५८० साली छापलेलं प्रवचन कोण वाचणार? म्हणून शब्दाचा पहिला दाखला म्हणून शेक्सपिअरचं वाक्य लागायचं. पहिला दाखला म्हणजे पहिला सापडलेला दाखला. लोकांनी त्याचा अर्थ 'याने शब्द बनवला' असा घेतला. आता त्या काळातली हजारो पुस्तकं संगणकावर शोधता येतात आणि त्याचे 'पहिले' दाखले एकामागून एक मागे सरकताहेत. डिकन्सचंही तेच. 'बोअरडम' हा त्याने १८५०च्या दशकात 'ब्लीक हाउस'मध्ये घडवला असं मी परीक्षेत विचारायचे. तो त्याआधी वीसेक वर्षं छापलेला सापडला आहे.

आणि एक साधी गोष्ट. शेक्सपिअर नाटकवाला होता. पुढ्यात एक पेनी देऊन उभे राहिलेले प्रेक्षक. दर चार ओळींनी नवा शब्द फेकला असता तर त्यांनी त्याच्यावर सालपटं फेकली असती. त्याची कमाल वेगळी आहे: चालू शब्द तो अशा जागी बसवतो की तिथून तो हलत नाही. मत्सराला हिरव्या डोळ्यांचा राक्षस म्हणणं हे 'ऑथेल्लो'तलं. त्यातला प्रत्येक शब्द आधीचाच आहे.

रिकामा_तांब्या

मॅडम, दंडवत. फॉरवर्ड डिलीट केला. ग्रुपवर तुमचा प्रतिसाद टाकू का? (नाव न घालता)

पानगळ_७२

टाका. कोणी वाचणार नाही, फार लांब आहे.

नेकारकाठी

श्टुटगार्टहून हजेरी. माझा शब्द 'क्वार्क'.

प्रोटॉनच्या आत तीन कण असतात, त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ मरे गेल-मान यांच्यापुढे १९६३-६४ च्या सुमाराला होता. त्यांच्या डोक्यात आधी नुसता 'क्वॉर्क' असा आवाज होता, स्पेलिंग नव्हतं. मग जेम्स जॉइसचं 'फिनेगन्स वेक' (१९३९) चाळताना एक ओळ दिसली: कोणा मस्टर मार्कसाठी तीन क्वार्क. तीन! शब्द ठरला. त्याच वेळी जॉर्ज त्स्वाइग यांनी स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली होती आणि कणांना पत्त्यांतल्या एक्क्यांचं नाव दिलं होतं. एक्के हरले, जॉइस जिंकला. हे पुस्तक पुरतं समजल्याचा दावा करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि त्यातला एक शब्द अख्ख्या विश्वाच्या विटांना मिळाला.

पण इथल्या मराठी मंडळींना क्वार्क भौतिकशास्त्रातून माहीत नसतो. जर्मनीत क्वार्क म्हणजे दुकानात डब्यातून मिळणारा आंबट-गोडसर मऊ पदार्थ, थेट आपला चक्का. रात्रभर पंचा बांधून टांगायची कटकट नाही. साखर, वेलची, केशर घातलं की श्रीखंड. इथल्या पाडव्याच्या जेवणात दर वेळी कोणीतरी तो विनोद करतंच की आज आपण मूलकण खातोय. छत्रीसाहेब, तुमचा संशय इथे पुरता खरा ठरत नाही, कारण जॉइसच्या ओळीत त्याचा धड अर्थच नव्हता. विसरणार काय?

फाटकी_छत्री

नेकारकाठी, हे मान्य. अर्थ नसलेल्याचं कोणी काय चोरणार. एक गुण तुम्हाला.

कषाय

मी वैद्य आहे, त्यामुळे माझा शब्द तसलाच. जेवताना वाचू नका.

'सिफिलिस' हे एका कवितेतल्या गुराख्याचं नाव आहे. जिरोलामो फ्राकास्तोरो हा इटलीतल्या व्हेरोनाचा वैद्य आणि कवी. त्याने १५३० मध्ये लॅटिनमध्ये दीर्घ काव्य छापलं. त्यात सिफिलस नावाचा मेंढपाळ दुष्काळाला वैतागून सूर्यदेवाला शिव्या घालतो, पूजा बंद करून राजाची पूजा सुरू करतो, आणि देव चिडून हा रोग पाठवतो. पहिला रोगी तो, म्हणून रोगाला त्याचं नाव. याच माणसाने १५४६ मध्ये संसर्गाची 'बीजं' एकाकडून दुसऱ्याकडे जातात असा ग्रंथ लिहिला. सूक्ष्मदर्शक अजून यायचा होता. वैद्य म्हणून त्याचं मोठेपण त्या ग्रंथात आहे, पण लोकांच्या तोंडी राहिला तो गुराखी.

हे नाव टिकण्याचं कारण माझ्या मते राजकीय आहे. तोवर या रोगाला प्रत्येक जण शेजाऱ्याचं नाव द्यायचा. इटालियन आणि जर्मन त्याला फ्रेंच रोग म्हणायचे, फ्रेंच त्याला नेपल्सचा म्हणायचे, रशियन पोलंडचा म्हणायचे. फ्राकास्तोरोच्या काव्याच्या पूर्ण शीर्षकातही 'अर्थात फ्रेंच रोग' असं आहेच. आपण काही मागे नव्हतो. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त भावमिश्र याला 'फिरंग' म्हणतो आणि कारण देतो की हा फिरंग नावाच्या देशात फार आढळतो. त्यावर पारा आणि चोपचिनी नावाची मुळी सुचवतो. चोपचिनीसुद्धा बाहेरून आलेली. रोग परका, औषध परकं, श्लोक तेवढा आपला.

काल्पनिक गुराख्याचं नाव लावल्यावर कुठल्याच देशाला राग येत नाही. मला वाटतं म्हणून ते चाललं.

थालीपीठ

कषाय, जेवतच होते. असो.

मी 'पँडमोनियम' घेते. मिल्टनने 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) बनवलेला शब्द, सर्व + भुतं, म्हणजे सैतानाच्या राजधानीचं नाव. आंधळ्या मिल्टनने तोंडी सांगून लिहवून घेतलं आणि पहिल्या हप्त्यात हाती पडले पाच पौंड. आता पँडमोनियम म्हणजे दंगा, आरडाओरड. पण काव्यात वाचलं तर ती वास्तू एका संगीताच्या लयीत जमिनीतून वर येते, आणि आत काय चालतं? सभा! एक जण उठतो, युद्ध करू म्हणतो. दुसरा म्हणतो, कशाला, गप्प बसू. तिसरा म्हणतो, इथेच संसार थाटू. प्रत्येक जण दुसऱ्याचं भाषण पूर्ण ऐकून घेतो, शेवटी ठराव मंजूर होतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेपेक्षा शंभर पटींनी शिस्तशीर. दंगा नंतरच्या लोकांनी घातला.

छत्री यांचा सिद्धांत इथे शंभर टक्के लागू.

भोंडला

थालीपीठ, मराठीत याचं जुळं भावंड आहे की! 'गोंधळ'. संबळ, तुणतुणं, दिवटी, अंबाबाईला आवाहन, रात्रभर रीतसर चालणारा विधी. लग्नानंतर आमच्याकडे अजून घालतात. आणि आपण म्हणतो 'काय गोंधळ घातलाय'. गोंधळ्यांना काय वाटत असेल?

नळदुर्गकर

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. पासवर्ड सापडायला अर्धा तास गेला.

आमच्या मातीतला शब्द सांगतो, 'थग'. म्हणजे ठग. संस्कृत 'स्थग', लपवणारा, फसवणारा. मराठीत ठक, ठकवणं, ठकसेन, 'ठकास महाठक'. आपल्याकडे ठक म्हणजे टोपी घालणारा, गोड बोलून गंडवणारा. इंग्रजी वर्तमानपत्रांत 'थग' येतो तो मात्र बहुतेक दंडेलशहा, हाणामारी करणारा आडदांड. गोड बोलणं गेलं, सोटा राहिला.

इंग्रजांच्या कागदपत्रांत शब्द आधीपासून होता, पण विलायतेत घराघरांत पोचला तो फिलिप मेडोज टेलर याच्या १८३९ च्या कादंबरीने, 'कन्फेशन्स ऑफ अ थग'. अमीर अली नावाचा ठग आपली कर्मकहाणी सांगतो. व्हिक्टोरिया राणीने म्हणे पुस्तक पुरं छापून होण्याची वाट न पाहता त्याचे फर्मे मागवून वाचले. टेलर पंधरा वर्षांचा असताना एका व्यापाऱ्याकडे नोकरीला म्हणून मुंबईत उतरला, तिथून निजामाच्या चाकरीत गेला, आणि १८५३ नंतर आमच्या नळदुर्गला कारभार पाहायला होता. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्याने 'तारा' ही कादंबरीही लिहिली, १८६३ साली आली, अफझलखान प्रकरणासकट. आमच्या भागात हे माहीत असलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी.

या कादंबरीबद्दल माझी तक्रारही आहे. कंपनी सरकारने ठगांची, माफीच्या साक्षीदारांची, जी बयानं गोळा केली त्यांवर ती उभी आहे. फाशी टाळायला माणूस साहेबाला हवं ते सांगतो. ठग नावाचा एक धर्मवेडा पंथच देशभर होता हे चित्र किती खरं आणि किती साहेबाचं, यावर इतिहासकार आजही भांडतात. शब्द मात्र ते चित्र पाठीवर घेऊन जगभर फिरला.

पानगळ_७२

नळदुर्गकर, वारंवार लॉगिन करत जा.

जाता जाता 'मेंटॉर'. 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यातला मेंटॉर, नायक ओडिसियसचा म्हातारा मित्र. घर आणि मुलगा त्याच्यावर सोपवून ओडिसियस युद्धाला जातो. वीस वर्षांत घरात फुकटे पाहुणे घुसून गुरंढोरं फस्त करतात आणि मेंटॉरच्या हातून काहीही होत नाही. मुलाला जो काही शहाणपणाचा सल्ला मिळतो तो देणारी अथेना देवी असते, मेंटॉरचं रूप घेऊन आलेली. सल्लागार म्हणून त्याचं नाव झालं ते फेनेलाँ या फ्रेंच लेखकाच्या १६९९ च्या कादंबरीमुळे. तो राजाच्या नातवाचा शिक्षक होता, त्यामुळे त्याने शिक्षकाला मोठं केलं, यात नवल नाही.

रिकामा_तांब्या

म्हणजे स्वतः काही न करता दुसऱ्याच्या अक्कलहुशारीवर नाव कमावणारा. मॅडम, आमच्या ऑफिसात मला नेमून दिलेला मेंटॉर तंतोतंत ओडिसीतला आहे. इथे तरी मूळ अर्थ शाबूत आहे.

थालीपीठ

'कॅच-२२' राहिला. जोसेफ हेलर, १९६१. आधी त्याचा आकडा अठरा होता, पण त्याच वर्षी शीर्षकात अठरा असलेली दुसऱ्या लेखकाची कादंबरी आली म्हणून बावीस केला. वैमानिकाला वेड लागलं असेल तर त्याला उड्डाणातून सूट. पण सूट मागावी लागते. आणि जिवाला धोका आहे म्हणून सूट मागतो तो शहाणाच, वेडा कसला? उडा.

माझी आजी हेलरच्या कितीतरी आधी म्हणायची: लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. वेडासकट तेच. फक्त आकडा नव्हता.

पानगळ_७२

आता माझा सगळ्यात आवडता. 'सेरेंडिपिटी'. बाकीच्या शब्दांचे जन्म साधारण सांगता येतात, याची तर तारीख आहे: २८ जानेवारी १७५४. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने फ्लॉरेन्समधल्या होरेस मान या मित्राला त्या दिवशी पत्र लिहिलं. कुठल्याशा घराण्याच्या चिन्हाबद्दल एक गोष्ट अवचित सापडली होती, आणि अशा सापडण्याला मी 'सेरेंडिपिटी' म्हणतो, असं त्याने लिहिलं. शब्द घेतला 'सेरेंदिपचे तीन राजपुत्र' या परीकथेवरून.

सेरेंदिप म्हणजे सिंहलद्वीप, अरबी तोंडातून गेलेलं. व्हेनिसमध्ये १५५७ साली ही कथा इटालियनमध्ये छापली गेली. पण तिच्यातला उंटाचा प्रसंग त्याआधी आपल्या अमीर खुस्रोच्या 'हश्त बिहिश्त'मध्ये, म्हणजे साधारण १३०२ मध्ये, फार्सीत आहे. प्रसंग असा: एकाचा उंट हरवतो. राजपुत्रांनी उंट पाहिलेला नाही, तरी ते सांगतात, तो एका डोळ्याने आंधळा आहे, एक दात पडलाय, एका पायाने लंगडतो. कसं? रस्त्याच्या एकाच बाजूचं गवत खाल्लंय आणि तेही निकृष्ट बाजूचं. दाताएवढे चघळलेले घास खाली पडलेत. तीनच पावलांचे ठसे, चौथा पाय ओढत नेल्याची रेघ. लगेच त्यांनाच चोर म्हणून पकडतात, तो भाग वेगळा.

आता सांगा, यात योगायोग कुठे आहे? ही तर निखळ निरीक्षणशक्ती. वॉलपोलला कथा अर्धवट आठवत होती (उंटाऐवजी त्याने खेचर लिहिलंय), पण तरी त्याने 'अपघाताने आणि चाणाक्षपणाने' असे दोन्ही शब्द लिहिले होते. ती पत्रं १८३३ मध्ये छापली गेली, आणि नंतरही कित्येक दशकं शब्द कोणी फारसा वापरत नव्हतं. विसाव्या शतकात वैज्ञानिकांनी उचलला, मग कॅफे, बुटिक, लग्नाचे हॉल. चाणाक्षपणा वाटेत गळला, आता नुसतं नशीब उरलं. छत्री, तुमच्या बाजूने आणखी एक गुण. पण इथे गुन्हेगार खुद्द शब्द घडवणारा आहे.

नेकारकाठी

मॅडम, खुस्रो दिल्लीचा, कथा फार्सी, बेट सिंहली, नाव अरबी, छपाई व्हेनिसची, पत्र इंग्रजी. याचा आधार कार्डावर पत्ता काय टाकायचा?

फाटकी_छत्री

मी विचारात पडलोय. 'यंत्रमानव हा अनुवाद हुकला' असं मी वर लिहिलं, पण इथले प्रतिसाद वाचून वाटतंय की हुकणं हाच नियम असेल तर त्या बिचाऱ्या शब्दाने काय घोडं मारलंय. रोबो पुढे खरोखरच यंत्र झाला. चापेकला ते रुचलं नव्हतं, पण आता त्याला विचारतो कोण. शब्द मागे घेतो.

आता उलट बाजू. मराठी साहित्यातून मराठी बोलण्यात आलेले? रामायण-महाभारत आणि पुराणं वगळून, नाहीतर शकुनीमामा, कुंभकर्ण आणि झारीतले शुक्राचार्य यांनीच धागा भरेल.

रिकामा_तांब्या

तळीराम!! ३१ डिसेंबरला दर वर्षी मथळा ठरलेला, 'तळीरामांवर पोलिसांची करडी नजर'. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तलं पात्र, आर्यमदिरामंडळवालं. माझ्या मुलाला वाटायचं की हा बेवड्याचा कायदेशीर शब्द आहे.

भोंडला

'संशयकल्लोळ'. देवलांचं नाटक न पाहिलेले लोकही मथळ्यात वापरतात.

रिकामा_तांब्या

आणखी? दोनच? इंग्रजीवाल्यांपुढे लाज जाणार.

नळदुर्गकर

एक आहे. तुम्ही सगळे वरती वापरताय, मीही वापरला.

कादंबरी.

बाणभट्ट, हर्षवर्धनाच्या दरबारातला, सातवं शतक. त्याच्या गद्यकथेतल्या नायिकेचं नाव कादंबरी, तेच ग्रंथाचं नाव. बाणाच्या हातून ती अपुरी राहिली, मुलाने पुरी केली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी 'नॉव्हेल' पाहून तसलं काही मराठीत लिहायला लागल्यावर त्या प्रकाराला नाव हवं होतं, तेव्हा या मुलीचं नाव उचललं. गुजरातीने 'नवलकथा' केलं, हिंदीने 'उपन्यास' घेतला. मराठी आणि कानडीने एका पात्राचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला दिलं. आणि तुमचा सिद्धांत बघा: बाणाची कादंबरी म्हणजे गंधर्वकन्या, पुनर्जन्म, पोपटाने सांगितलेली गोष्ट, पानपानभर लांब समास. आजच्या कादंबरीत यातलं काय शिल्लक आहे?

पानगळ_७२

तीस वर्षं शिकवलं आणि हे डोळ्यांसमोर असून दिसलं नाही. एका डोळ्याचा उंट मीच.

थालीपीठ

वाचनखूण साठवली. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा) सगळ्यांनाच.

लुईस कॅरलचा 'चॉर्टल' कोणीच घेतला नाही? 'थ्रू द लुकिंग-ग्लास', १८७१. 'चकल' आणि 'स्नॉर्ट' एकात एक दाबून केलेला. याला मराठी शब्द सुचवा. खुदखुदणे + फुरफुरणे?

रिकामा_तांब्या

खुरफुरणे. पहिला दाखला: रिकामा_तांब्या, हा धागा. शब्दकोशवाल्यांनी चिठ्ठी करून ठेवावी.

फाटकी_छत्री

नोंद घेतली. नळदुर्गकर, तुम्हाला मुजरा, सिद्धांताला तुमच्याइतका भक्कम पुरावा मला स्वतःलाही मिळाला नव्हता.

बाकी उद्या लिहितो. आमच्या गड्याने देवघरासमोरच्या रांगोळीवरून फडकं फिरवलंय आणि आता ती पांढरी रेघ ओढत अख्ख्या हॉलभर फिरतोय. आई त्याच्यामागे, झाडू घेऊन.